पुढे चाल

मध्यंतर संपत आलं तेव्हा आमच्याकडे तेरा खेळाडू होते आणि त्यांतले दोन लंगडत होते. हेल्मेटं बारा होती, त्यांतल्या एकाची जाळी निखळलेली. पाण्याचे जार तीन, दोन रिकामे. फलकावर पाहुण्यांचे सत्तावीस गुण आणि आमचे शून्य. हे सगळं नेहमीचंच होतं. नवीन होते ते मैदानात रोवलेले चार बांबू.

पूर्वेकडच्या अर्ध्यात, फक्कीच्या रेषांच्या बरोबर मधे, मांडववाल्याची तीन माणसं पहारीनं पाचवा खड्डा घेत होती.

"ओ मामा, हे काय चाललंय?" बाबासो चौगुले हेल्मेट काखेत मारून त्यांच्याकडे निघाला. मीही मागोमाग गेलो.

"मांडव," मुकादम मान वर न करता म्हणाला.

"कशाचा?"

"पदव्या वाटायचा. साहेबांनी सांगितलंय, आजच खांब उभे करा."

"आन् आमची मॅच?"

मुकादमानं फलकाकडे बघितलं, मग बाबासोकडे. "संपली न्हाई व्हय अजून?"

बाबासो मैदानात माझ्या उजव्या हाताला खेळायचा. शिरोळकडचा, कबड्डीतून आलेला, एकशे चार किलोचा. मी सेंटर होतो. म्हणजे प्रत्येक डावाला चेंडूवर वाकून उभा राहणारा आणि इशारा मिळाला की तो दोन पायांमधून मागे कप्तानाला देणारा. सेंटरला समोरच्या खेळाडूंचे फक्त बूट दिसतात आणि स्वतःचा कप्तान दिसतो तो उलटा. मी त्या वेळी भौतिकशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विभागातल्या कुणालाही मी नक्की काय खेळतो हे मला शेवटपर्यंत समजावून सांगता आलं नाही.

संघ काढला सारंग देवस्थळीनं. वडिलांच्या नोकरीमुळे तो तीन वर्षं अमेरिकेत शाळेत होता आणि परत येताना एक लांबुळका चेंडू घेऊन आला. पहिल्या वर्षी त्यानं विद्यापीठाकडे अमेरिकन फुटबॉलच्या साहित्यासाठी अर्ज केला. भांडारातल्या बाईंना 'अमेरिकन' हे कंपनीचं नाव वाटलं. त्यांनी सहा गोल चेंडू आणि दोन जाळ्या पाठवल्या, वर फोन करून सांगितलं की त्या कंपनीचे मिळाले नाहीत, पण हेही टिकाऊ आहेत.

पहिल्याच सरावाला दुसरा घोळ झाला. अमेरिकेत कप्तान 'हट' असं ओरडतो आणि त्या आवाजावर चेंडू हलतो. सारंगनं आम्हाला वाकून उभं केलं, मागे जाऊन दमदार आवाजात ओरडला, "हट!" आणि आम्ही हटलो. मी डावीकडे, बाबासो उजवीकडे, बाकीचे जमेल तिकडे. मधे मोकळा रस्ता तयार झाला आणि समोरच्या मुलांनी त्यातून येऊन सारंगला आडवा केला.

"अरे, बाजूला काय होताय?" सारंग जमिनीवरूनच ओरडला.

"तूच म्हणालास की हट."

"तो शब्द नाहीये! नुसता आवाज आहे!"

"तुझ्यात आवाज आसंल," बाबासो म्हणाला. "मी म्हशीला हट म्हणतो. तू मला म्हणाय लागलास."

दोन आठवडे प्रयत्न करूनही पाय ऐकेनात, तेव्हा इशारा बदलला. सारंग म्हणणार 'घे', आणि मी चेंडू देणार. त्यावर बाबासोनं आपला एक नियम घातला. इथून पुढे कुणीही हट म्हटलं, पंच म्हणाला, देव म्हणाला, तरी ओळीतल्या एकानंही हलायचं नाही. सारंग सरावात मधेच मुद्दाम 'हट' ओरडायचा आणि ज्याची टाच उचलली जाईल त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावायचा. तिसऱ्या महिन्यापासून फेऱ्या कुणालाच पडल्या नाहीत.

एवढं जमलं. बाकी फारसं जमलं नाही. चार वर्षांत सात सामने झाले होते आणि सातही आम्ही हरलो होतो, एकही गुण न मिळवता. डिसेंबरात विद्यापीठाच्या क्रीडा मंडळानं ठरवलं की या हंगामात एक तरी विजय मिळाला नाही तर संघ बंद. आणि आजचा सामना हंगामातला शेवटचा होता, पुण्याच्या संघाशी.

त्या बांबूंकडे बघून सगळ्यांचंच डोकं फिरलं.

घोरपडे सर कडेला खुर्ची टाकून बसले होते. ते विद्यापीठाचे क्रीडा संचालक. तरुणपणी कबड्डी खेळलेले, उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी. सारंग, बाबासो आणि मी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिलो.

"सर, हे काय आहे?" सारंग म्हणाला. "आमची मॅच चालू आहे."

"दिसतंय मला."

"मग खांब?"

"मांडवाचे आहेत. दोन तासांत काढून देतील, मग खेळा. तोवर सावलीत बसा. पाणी प्या."

"दोन तास?" बाबासो म्हणाला. "सर, दोन तासांनी अंधार हुईल."

"मग अंधार होईल. चौगुले, बस म्हटलं की बसायचं."

बाबासो बसला नाही. वळला आणि सरळ मैदानात गेला. मला वाटलं तो मुकादमाशी भांडेल. त्यानं पहिल्या बांबूला मिठी मारली, गुडघ्यात वाकला आणि तो उपटून वर काढला.

"ए!" मुकादम ओरडला.

"मोजून ठेव, मामा. एक."

मी दुसऱ्याला हात घातला. तो दीड फूट आत होता आणि कडेनं दगड ठोकलेले होते, त्यामुळे एकट्यानं निघेना. इरफान शिकलगार धावत आला. आमच्यातला सगळ्यात हलका आणि सगळ्यात चपळ, खो-खोतून आलेला. दोघांनी हलवून हलवून तो बाहेर काढला.

"मगदूम! ठेव तो खाली!" घोरपडे सर आता उठून आले होते. "आदेश आहे माझा!"

"सर, आमचं मैदान आहे," मी म्हणालो. बांबू मी सोडला नाही. "आम्ही रीतसर घेतलंय. संध्याकाळपर्यंत."

"मला शिकवतोस?"

"नाही सर. सांगतोय."

सरांनी मुकादमाला हातानं लांब जायची खूण केली आणि आम्हाला जवळ बोलावलं. तेराच्या तेरा जण गोळा झाले.

"गाढवांनो," सर हळू आवाजात म्हणाले. "समारंभ पुढच्या शनिवारी आहे. मांडव गुरुवारी पडायचा होता. मी आज बोलावला."

कुणालाच कळेना.

"तुमचं ते नियमांचं पुस्तक. तुमच्यापैकी किती जणांनी पूर्ण वाचलंय? मी वाचलंय. मैदान खेळण्याजोगं नसेल तर दुरुस्तीला यजमानांना दोन तास मिळतात. तेवढ्यात पाहुणा संघ निघून गेला तर सामना यजमानांचा. एक–शून्य." त्यांनी रस्त्याकडे मान वळवली. पुण्याच्या संघाची बस तिथे उभी होती. "त्यांची उद्या सकाळी नऊला परीक्षा आहे. पुढच्या फेरीत ते आधीच पोचलेत, त्यामुळे या सामन्याशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांच्या प्रशिक्षकानं दोन तासांचं ऐकल्याबरोबर ड्रायव्हरला फोन केला. तुम्हाला फक्त बसायचंय. तेवढंही जमत नाही?"

सारंग मटकन खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

"म्हणजे जिंकलो?"

"जिंकला. आणि जिंकलेला संघ मंडळाला बंद करता येत नाही. त्या बैठकीत नऊ जण असतात आणि तुमच्या बाजूनं मी एकटा बोलतो. चार वर्षं बोलतोय. मला काहीतरी द्या रे हातात."

सर खरं बोलत होते. आमची पहिली चार हेल्मेटं त्यांनी कुठून आणली होती ते आम्ही कधी विचारलं नव्हतं.

"म्हणजे पुढे चाल," इरफान म्हणाला.

"काय?" सारंगला शब्द कळला नाही.

"समोरचा संघ आलाच न्हाई की त्याला पुढे चाल म्हणतात. मला एकदा मिळाली हुती, जिल्ह्याला. फायनलच. घरी ढाल घेऊन गेलो. आई म्हणाली, किती जण बाद केलंस? म्हटलं, कुणीच आलं न्हाई. मग तिनं ती ढाल कपाटावर टाकली. पुढं न्हाई, वर."

"इरफान, हा ढालीचा प्रश्न नाहीये," सारंग म्हणाला. "संघ बंद होईल. कळतंय का तुम्हाला? पुढच्या वर्षी सहा नवीन मुलं यायची आहेत. मी स्वतः बोललोय त्यांच्याशी."

"त्यास्नी काय सांगायचं?" बाबासोनं विचारलं. त्याच्या खांद्यावर अजून बांबूची माती होती. "आमी एक मॅच जिंकलो. कशी? तर पाणी पीत."

"नियमात आहे ते!"

"नियमात हाय. म्या कुठं न्हाई म्हणतोय?"

"मग?"

"मग काय, मला न्हाई पाहिजे."

"तुला एकट्याला नको म्हणून—"

"एकट्याला न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

सारंगनं माझ्याकडे बघितलं. वाद तुटेनासा झाला की तो माझ्याकडे बघायचा. मी आकडे मांडून सांगेन अशी त्याची खात्री असायची. "मगदूम, तू सांग. हिशेबानं सांग."

मी हिशेब केला होता. खेळलो तर हरणार. सत्तावीस गुणांची पिछाडी भरून निघण्याची शक्यता धरण्यासारखी नव्हती. बसलो तर जिंकणार, जवळजवळ नक्की.

"हिशेबानं बसायला पाहिजे," मी म्हणालो.

"झालं!"

"पण चार वर्षं आपण हरलो ते खेळून हरलो. कुणी म्हणू शकत नाही की हे खेळलेच नाहीत. आता तेही म्हणतील." पुढचं वाक्य सापडेना, म्हणून मी वाकून तो बांबू उचलला आणि मैदानाबाहेर नेऊन टाकला. परत आलो तेव्हा बाबासो तिसरा उपटत होता आणि चौथ्याला पाच जण लागले होते.

सारंग उठला. "मूर्ख आहात सगळे," म्हणाला, आणि खड्ड्याशी जाऊन हातानंच माती आत ढकलू लागला.

"असं न्हाई, ओ," मुकादम म्हणाला. इतका वेळ तो कमरेवर हात ठेवून बघत होता. "आधी दगड घाला. मग माती. मग पाणी." त्यानं आपल्या माणसांना हाक मारली. "परत रोवायला जादा माणूस मात्र लावणार न्हाई मी, सांगून ठेवतो."

शिल्लक राहिलेला पाण्याचा जार आम्ही खड्ड्यांत ओतला. घोरपडे सर बाजूला उभे होते. रागानं त्यांचा चेहरा लाल झाला होता. पाचवा खड्डा भरताना ते आले, मला हातानं बाजूला केलं आणि बुटांनी माती तुडवू लागले.

"नीट तुडवा," ते म्हणाले. "कुणाचा घोटा मुरगळला तर निस्तरावं मला लागेल. माझी पंचवीस मिनिटं गेली. पुस्तक वाचायला तीन रात्री गेल्या त्या वेगळ्याच."

तोपर्यंत पुण्याच्या बसचं इंजिन सुरू झालं होतं. सारंग, बाबासो आणि मी धावलो. पुण्याचा कप्तान राजवाडे दारात उभा होता. त्याचे बूट काढून झाले होते.

"मैदान तयार आहे," सारंग धापा टाकत म्हणाला. "खेळू या."

"तुम्हीच तर दोन तास म्हणालात."

"पंचवीस मिनिटांत केलं."

राजवाड्यानं मागे वळून प्रशिक्षकाकडे बघितलं. प्रशिक्षकांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "जाऊ दे ना," राजवाडे म्हणाला. "आम्ही गेलो तर तुम्हीच जिंकताय. नियम माहितीये ना तुम्हाला?"

"माहितीये."

"मग वेडेबिडे आहात का?"

"व्हय," बाबासो म्हणाला. "उतर."

राजवाडे हसला नाही. त्यानं आमच्या तिघांच्या मातीनं भरलेल्या हातांकडे बघितलं.

"सत्तावीस–शून्य आहे," तो म्हणाला.

"आम्हाला मोजता येतं," मी म्हणालो. "सत्तावीस मारून हरल्याचा कागद घेऊन जायचा असेल तर जा. पुण्यात विचारतील, कसे हरलात."

बसमध्ये मागच्या बाकावरून कुणीतरी शीळ घातली. राजवाडे पायरीवर बसला आणि बुटाची नाडी बांधू लागला. "सर, दोन क्वार्टर," तो मान न वळवता प्रशिक्षकांना म्हणाला. "फार तर सात होतील. अभ्यास काय, बसमध्येही होतो."

एकामागून एक सगळे उतरले. शेवटी प्रशिक्षकही उतरले.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी आणखी एक टचडाउन केलं, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुण घेतले, आणि वरच्या एका गुणाची किकही मारली. चौतीस–शून्य. आमचा एक लंगडणारा पूर्ण बसला. उरले बारा. एका दांडीवाल्याला घरी जायचं होतं, म्हणून यार्ड मोजायच्या साखळीची एक दांडी घोरपडे सरांनी धरली. आमच्याशी ते बोलत नव्हते. दांडी मात्र सरळ धरली होती.

चौथा क्वार्टर निम्मा सरला होता. चेंडू आमच्याकडे होता, आमच्याच अर्ध्यात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. आमचे दोन वाया गेले होते आणि उलट दोन यार्ड मागे आलो होतो. आम्ही डोकी एकत्र करून गोल उभे राहिलो.

"ते 'घे' ओळखायला लागलेत," इरफान म्हणाला. "शब्द संपायच्या आत अंगावर येतात."

सारंगच्या ओठातून रक्त येत होतं. तो एकदम थांबला. "त्यांचा इशारा काय आहे?"

"हट," मी म्हणालो. "दिवसभर ऐकतोय."

"रोज सरावाला ऐकतात ते. रोज त्याच्यावर उडी मारतात." त्यानं बाबासोकडे बघितलं. "मी हट म्हटलं तर?"

बाबासोचे दात दिसले. "म्हण की. लागंल तेवढं म्हण. हितं कोण हलतंय?"

"मगदूम, त्यांचा बूट रेषेच्या अलीकडे आला की चेंडू दे. माझ्या शब्दाची वाट बघू नको. चूक त्यांची धरली जाईल आणि डाव चालू राहील. इरफान, तू फक्त पळ. मागे बघू नको."

मी चेंडूवर वाकलो. समोर पाच जोड बूट. डावीकडून दुसऱ्याची नाडी सुटलेली. मागून सारंगचा आवाज आला, चार वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी आला होता तसा, छातीतून.

"हट!"

माझ्या दोन्ही बाजूंना कुणीही हललं नाही.

"हट! हट!"

सुटलेल्या नाडीचा बूट उचलला गेला आणि माझ्या चेंडूच्या पुढे येऊन पडला. मी चेंडू दिला.

त्यानंतरचं मला दिसलं नाही. माझ्या छातीवर एक माणूस होता आणि त्याच्यावर दुसरा. चूक दाखवणारा पंचांचा पिवळा रुमाल माझ्या हेल्मेटजवळ पडला. मग वरून बाबासोचा आवाज ऐकू आला. शब्द नव्हते त्यात, नुसता आवाज होता. मी एकाला ढकलून मान वर काढली. इरफान खूप लांब होता, एकटा, चेंडू दोन्ही हातांनी पोटाशी धरून. भरलेले खड्डे त्यानं कधीच ओलांडले होते. राजवाडे त्याच्या मागे धावायचा थांबला होता.

शेवटची रेषा ओलांडल्यावरही इरफान थांबला नाही. सारंगनं त्याला मागे बघू नको म्हणून सांगितलं होतं. तो कुंपणापर्यंत गेला आणि तिथे त्याला मुकादमानं धरलं.

घोरपडे सर साखळीची दांडी हातात घेऊन मैदानात आले होते. पंच त्यांना बाहेर जायला सांगत होते.

"सर, दांडीसकट आत यायचं नसतं," मी म्हणालो.

"माहीत आहे मला, पुस्तक मी वाचलंय," ते म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

वरच्या एका गुणाची किक सारंगनं मारली. ती खांबाच्या डावीकडून गेली. नंतर साडेपाच मिनिटं खेळ चालला आणि कुणालाच गुण मिळाला नाही. अंधूक झालं होतं. चेंडू नीट दिसत नव्हता, तरी कुणी थांबायचं नाव काढलं नाही.

जूनमध्ये क्रीडा मंडळानं संघ बंद केला. चार वर्षांत सामने आठ, पराभव आठ, गुण सहा.